लेकरू खोटं बोलत नाही

औरंगाबाद, शहागंज
५ खुर्दाद १३४९ फसली

दगडाक्का,

पत्राच्या माथ्यावर साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. मनात नाही ते कागदावर कशाला?

दहा वर्षांनी तुझा निरोप आला. अजिंठ्याच्या मोटारीचा डायवर शफी काल जनाना दवाखान्याच्या फाटकात उभा राहून ओरडला, "सरूबाई, बहन का संदेसा है!" मला वाटलं, गेलं कुणीतरी. हातातलं भांडं तसंच टाकून पळत आले. तर निरोप काय? तुझ्या आशाला दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, चैत्राच्या अमावास्येला सांडू भगत तिला डाग देणार, अन् ओढ्याकाठच्या साती आसरांना मावशीच्या हातची हिरवी चोळी लागते, तेवढी शिवून पाठव. वा गं वा! सरू मेली का जगली एवढं विचारायला दहा वर्षांत तुला तोंड नव्हतं. चोळी मागायला बरं आलं.

चोळी मिळायची नाही. त्या सात शेंदरी दगडांना मी चिंधीसुद्धा देणार नाही.

शफीनं बाकीचंबी सांगितलं. आशाच्या कळांचं कारण शोधायला भगत घरी आला, त्यानं तुझ्या धाकटीच्या, गिरजीच्या, तळहातावर हळद ठेवली अन् विचारलं, बाई, तू काय पाहिलं? गिरजी म्हणाली, आशी बाहेरची असताना आसरांच्या दगडांवरून गेली. झालं, सापडलं कारण. सहा वर्षांचं पोर ते. पण घरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू खोटं बोलत नाही, हातावर हळद असली की त्याच्या तोंडून देव बोलतो, हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही.

आशाचं लग्न झालंय, वैशाखात तिला नांदायला पाठवायची, म्हणून तुमची घाई. सासरी कळलं की पोरगी दर महिन्याला लोळते तर काय म्हणतील, हीच भीती ना? मला ठाऊक आहे काय म्हणतात. मी ऐकलंय.

तारीख निजाम सरकारची घातली, दवाखान्याच्या वहीत तीच लिहावी लागते. तू अमावास्येनं मोज. पाडवा कालच झाला, म्हणजे तुझ्या हाताशी अजून महिना आहे. तेवढ्यात शहाणी हो.

हे पत्र आशाच वाचून दाखवणार, दुसरं कोण आहे तुझ्या घरात? दाजींना सहीपुरतं येतं, तुला तेवढंबी नाही. पोरीच्याच पोटाची गोष्ट, अन् पोरीनंच मोठ्यानं वाचायची. आशा, तू तान्ही होतीस तेव्हा मी तुला कडेवर घेऊन लई फिरले. तुला आठवणार नाही.

सरू


१२ खुर्दाद १३४९ फसली

दगडाक्का,

उत्तर पोचलं. अक्षर आशाचं, ठसका तुझा. "उंटावरून शेळ्या हाकू नको. मला डाग दिला, मला गुण आला, माझ्या कळा गेल्या त्या गेल्या. मग माझ्या लेकीला का नको?" असं लिहवलंस.

बरं, मग ऐक. तुला डाग दिला तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. त्यानंतरबी दर महिन्याला तू गोठ्यामागच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडायचीस. बाहेरून ताट सरकवायला मीच यायचे ना? मी बघितलंय. माय भगताला विचारायला गेली, तर तो म्हणाला, डाग मुरायला वेळ लागतो. लोणचं आहे का ते? पुढं तुला गावातच दिली, दोन वर्षांनी आशा झाली, अन् बाळंतपणानंतर तुझ्या कळा थांबल्या. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, अन् तुम्ही कावळ्याला शेंदूर फासला.

हे माझ्या डोक्यातलं नाही. इथं आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीण आहेत, राहत आपा. हैदराबादला शिकून आल्या. मी त्यांच्या हाताखाली आहे. झाडू मारायला लागले होते, आता बाळंतपणं करते, म्हणून तुझी बहीण अगदीच काही वाया गेली नाही. तर मी त्यांना आशाचं सांगितलं. त्या हसल्या अन् म्हणाल्या, "अगे सरू, पेट में पाप नक्को ढूंड. बच्चेदानी है वां."

मग नीट समजावलं. अक्का, तू पिळा मारून लुगडं वाळत घालतेस ना? पोटातली पिशवी तशीच स्वतःला पिळते. दर महिन्याला तिच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं, गर्भ राहिला तर त्याला टेकायला. नाही राहिला की ते अस्तर नको असतं, मग पिशवी आवळते, सोडते, आवळते, सोडते, अन् ते बाहेर काढते. बाळंतपणात कळा येतात त्याच जातीच्या ह्या, धाकट्या. कुणाची पिशवी जरा जोरात आवळते. इतकी की तिचं तिलाच रक्त पुरत नाही, घटकाभर कोंडतं, अन् कोंडलं की दुखतं. हातावर दोरी घट्ट बांधून काम केलं तर हात ठणकेल का नाही? बस, एवढंच. मग पाय भरून येतात, उलटी होते, हगवणबी लागते. एक मूल झालं की लई जणींचं आपोआप कमी होतं. तुझं झालं तसं.

मी विचारलं, आपा, मग एकीलाच जास्त का अन् दुसरीला काहीच का नाही? त्या म्हणाल्या, ते अजून विलायतेच्या डॉक्टरांनाबी नीट उमगलं नाही. बघ, एवढी शिकलेली बाई 'माहीत नाही' म्हणते. सांडू भगत कधी म्हणाला का गं?

आशा, आता ह्या पुढचं मनात वाच. आईला म्हण, मावशीनं औषधाचं लिहिलंय. मला खरंखरं कळव: कळा न्हाण आल्यावर लगेच सुरू झाल्या का मागाहून? पहिल्याच दिवशी येतात का आधीपासून? किती वेळ राहतात? मधल्या दिवसांत दुखतं का, ताप येतो का, अंगावर घाण वासाचं जातं का? आपा म्हणतात, उशिरा सुरू झालेलं अन् वाढत जाणारं दुखणं म्हणजे दुसरा आजार असतो, तो बघावा लागतो. बाटलीत सोसवेल इतकं गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ अन् ओटीपोटावर धरून पड. लाज धरू नको. अन् एक लक्षात ठेव, तू काही केलेलं नाहीस.

सरू


२० खुर्दाद १३४९ फसली

दगडाक्का,

म्हणजे चोळीचं जमलं तुमचं! अजिंठ्याच्या बाजारातून खण आणला, दाजींच्या बहिणीनं शिवला, अन् भगत म्हणाला चालतं. मावशीच्याच हातची पाहिजे होती ना? मावशी नडली तर आत्याची चालते. देवाचंबी अडलं की तडजोड होते म्हणायची.

आशानं पाकिटाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं मिळालं. पोरगी हुशार आहे. न्हाण आल्यावर सहा-सात महिन्यांनी कळा सुरू झाल्या, पहिल्या दिवशी सकाळी येतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबतात, मध्ये काही नाही. राहत आपांनी वाचून घेतलं अन् म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, पण पोरीला एकदा आणा, हात लावून बघते. आता सांग, ह्यात आसरा कुठं आल्या?

पण तू ऐकायची नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग आज मलाबी पोटातलं बोलू दे.

मी चौदा वर्षांची होते, तेव्हा माझ्यासाठी विळा तापवला. आपल्या चुलीवर. माय खांदे दाबून बसली. अन् पाय कुणी धरले, अक्का? तू धरलेस. आशाला मागं घोंगडीवर निजवून तू माझ्या घोट्यांवर बसलीस. ज्या बाईला तो डाग माहीत होता, जिनं स्वतः तो सोसला, ती माझे पाय धरते! मी तुझ्याकडं बघत होते. तू तोंड फिरवलंस. विळ्याचं टोक तीनदा लावलं, बेंबीच्या खाली, शेजारी शेजारी. कातडी चरचरली त्याचा वास मला अजून येतो. आमच्या दवाखान्यात तापलेलं भांडं चिमट्यानं उचललं तरी मी खोलीबाहेर जाते.

अन् मला गुण आला नाही. तर भगत काय म्हणाला? हिचं पाप मोठं आहे, पोटात दाबून ठेवलंय, ओकत नाही. मायनं मला तीन दिवस विचारलं, सांग सरे, काय केलंस? मी काही सांगितलं नाही. मग तीच गोष्ट माझ्या पुढं चालत हर्सूलला माझ्या सासरी गेली. दर महिन्याला सासू म्हणायची, पडली बघा पापीण. दोन वर्षांत मूल नाही झालं, तेव्हा नवऱ्यानं गाठोडं बाहेर ठेवलं. मी माहेरी आले तर माय गेलेली, तुझ्या दारात उभी राहिले. तू म्हणालीस, यांना विचारते. आत गेलीस ती गेलीसच. मी उंबऱ्याबाहेर किती वेळ उभी होते ते तुला ठाऊक आहे का? शेवटी दाजी बाहेर आले अन् म्हणाले, पुन्हा ह्या गावात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हणून मी कुठं बोलले नाही.

आता तू विळा लेकीसाठी तापवणार. तिचे पाय कोण धरणार? का त्यालाबी मावशीच लागते?

मीच मोटारीत बसून आले असते. पण दाजींनी दिलेला दम आहे, अन् तुझ्या दारात दुसऱ्यांदा उभं राहायची मला हौस नाही.

सरू


२८ खुर्दाद १३४९ फसली

दगडाक्का,

तुझं उत्तर नाही. शफी म्हणाला, सरपण रचलंय, कोंबडं आणलंय, परवाच्या परवा अमावास्या.

आशा, हे पत्र मोठ्यानं वाच. एकसुद्धा शब्द गाळू नको. दाजी घरात असले तरी वाच. तुला माझी आण आहे.

अक्का, मागच्या पत्रात मी लिहिलं की दाजींच्या धमकीमुळं येत नाही. खोटं आहे ते. दाजी माझी काय तंगडी मोडणार? त्यांच्यापेक्षा दांडगे बाप्ये मी बाळंतिणीच्या खोलीबाहेर हाकललेत. मला तुझ्यासमोर यायला तोंड नाही, म्हणून मी येत नाही. कारण सांगते.

तुझ्या कळांचं कारण भगताला कुणी सांगितलं? मी. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते, घरात सगळ्यांत धाकटी. माझ्याच तळहातावर हळद ठेवली होती. सगळे ओसरीवर बसलेले, माय पदर तोंडाला लावून, अन् तू खांबाला टेकून, पांढरीफटक. भगत म्हणाला, लेकरू खोटं बोलत नाही, सांग बाई, अक्कानं काय केलं?

मी काही पाहिलं नव्हतं. मी म्हणालेबी, काय नाय पाह्यलं. तर भगत म्हणाला, आठव. मायनं म्हटलं, आठव गं बये. पुन्हा सगळे माझ्याकडं बघत बसले. समोर नैवेद्याचं ताट होतं, त्यात खोबऱ्याची वाटी होती. भगत म्हणाला, खरं सांगितलंस की ही तुझी. अन् तू मला आदल्या दिवशी जत्रेला नेलं नव्हतंस, तो राग होताच पोटात. मी म्हणाले, अक्का बाहेरची असताना आसरांच्या दगडांवरून गेली.

तू ओरडलीस, "नाय गेले मी! सरे, काय बोलतीस?" मायनं तुझ्या तोंडावर हात ठेवला. खोबऱ्याची वाटी मला मिळाली. मी ती गोठ्यात बसून खाल्ली. आतून तुझा आवाज येत होता, तरी खाल्ली.

त्या दगडांवरून तू गेलीच नव्हतीस, दगडाक्का. कारण खोटं होतं. मी रचलं होतं, खोबऱ्यासाठी. मग ज्या पापाचा डाग तुला दिला ते पापच नव्हतं, तर त्या डागानं बरं काय झालं? तुझ्या पोटावरच्या त्या खुणा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, माझी खोबऱ्याची वाटी आहे.

अन् पुढचं ऐक. मला न्हाण आलं अन् कळा सुरू झाल्या, तेव्हा मला कारण शोधायची गरजच पडली नाही. मला वाटलं, हे त्याचंच. बहिणीवर खोटं घातलं, म्हणून पोटात इंगळ पडलेत. भगत म्हणाला, पाप दाबून ठेवलंय, तर मी घाबरले, ह्याला कसं कळलं? मायनं तीन दिवस विचारलं तरी मी सांगितलं नाही. हर्सूलला सासू पापीण म्हणायची तेव्हा मी उलट बोलायचे नाही. खरंच बोलत होती ना ती, असं वाटायचं. इथं येऊन दोन वर्षं झाल्यावर राहत आपांनी पिशवीचं समजावलं. एखादी आनंदानं नाचली असती. मी भांड्यांच्या खोलीत जाऊन ऊर फुटेस्तोवर रडले. कळा माझ्या पापामुळं नव्हत्या, अक्का. म्हणजे एवढं सोसलं ते कशातच जमा नाही. पाप तसंच राहिलं, अन् शिक्षा कुठल्या भलत्याच गोष्टीची झाली.

तू माझे पाय धरलेस, हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसले, कारण तो राग घट्ट धरला की दुसरी गोष्ट आठवत नसे.

आता गिरजीला जवळ घे. मारू नको, डोळे वटारू नको. तिला एवढंच विचार, हळद ठेवली तेव्हा ताटात खोबरं होतं का?

सरू


११ तीर १३४९ फसली

दगडाक्का,

आशा पोचली. अमावास्येच्या आदल्या सकाळी शफीनं तिला मोटारीतून उतरवलं. हातात एक गाठोडं, अन् चोळीच्या आत तुझं पत्र. पोरगी म्हणाली, आई सांगत गेली अन् मी लिहीत गेले, मध्ये ती थांबली तिथं मी रेघ ओढली. सहा रेघा आहेत. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटायला आलाय.

तू लिहवलंस: "गिरजीनं सांगितलं. खोबरं होतं." मग रेघ. "मी दगडांवरून गेले नव्हते हे मला ठाऊक होतं. पण माय म्हणाली, लेकरू खोटं बोलत नाही. पहिला डाग लागला तेव्हा मी म्हणाले, नाय गेले. दुसरा लागला तेव्हाबी म्हणाले. तिसऱ्याला मी म्हणाले, गेले होते. अन् मग मला आठवायलाच लागलं. अजून आठवतं. दगड ओले होते, माझा उजवा पाय घसरला होता. सरे, तू आता म्हणतीस मी गेलेच नव्हते. मग हे जे मला आठवतं ते काय आहे?"

ह्याला उत्तर नाही माझ्याकडं. राहत आपांकडंबी नाही. मी विचारलं नाही, पण मला ठाऊक आहे, नसणार.

अन् पुढं लिहवलंस: "तुझे पाय धरले ते तुझं बरं व्हावं म्हणून. माझं बरं झालं होतं ना. हलली असतीस तर विळा घसरला असता. दारात तुला उभी ठेवली ती मात्र भीतीनं. यांच्याही अन् तुझ्याही. पापीण म्हणत होते तुला. लहान लेक होती घरात." मग रेघ. "पोरीचं वैशाखातलं पाठवणं पुढं ढकललं. यांना मी काय सांगितलं ते विचारू नको. तिला बरं कर. तू इकडं येऊ नको. मला तुझं तोंड बघवेल असं वाटत नाही."

वाचलं. नाही येणार.

तरी तुला कळायला हवं म्हणून लिहिते. राहत आपांनी आशाला हात लावून बघितलं, दोष काही नाही. "सरू, बच्ची ठीक है, पिचकती जरा ज्यादा, बस," म्हणाल्या. परवा तिचा दिवस आला. सकाळीच माझ्या बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली, अगदी तू पडायचीस तशी. मी कोपऱ्यात बसवली नाही, वेगळं ताट दिलं नाही. पोटावर गरम पाण्याची बाटली दिली, आल्याचा काढा दिला, आपांनी दिलेली गोळी दिली. दुखणं काही पळून नाही गेलं, खोटं कशाला सांगू? पण उतरलं. तिचे पाय गार पडले होते. म्हणाली, "मावशी, पाय धर माझे."

मी धरले. घोटे तुझ्यासारखेच आहेत तिचे. पाय धरून बसले अन् तुझा राग आला, अक्का. सगळं कळूनसुद्धा आला. तू बरं व्हावं म्हणून बसली होतीस हे मला आता ठाऊक आहे, तरी माझ्या घोट्यांना तुझं वजन तेवढंच आठवतं. तुलाबी माझं खोबरं तसंच आठवत असेल. आठवू दे.

अन् एक सांगते. पोरगी पडल्या पडल्या म्हणाली, "मावशी, तुझी पहिली तीन पत्रं मी सगळी वाचली नाहीत. तू आईला टोचून बोललेलं मी गाळायचे. मावशी बरी आहे, काळजी करतीया, असं वाचायचे. शेवटचं तेवढं पुरं वाचलं." म्हणजे मी एवढा जाळ ओकला तो ह्या पोरीनं एकटीनं गिळला, अन् तुझ्यापर्यंत पोचली ती कुणीतरी गोड बहीण. मला हसूच आलं. मग नाही आलं.

आता हे पत्र तुला वाचून दाखवायला घरात कुणी नाही. वाचणारी माझ्यापाशी आहे. म्हणून पुढचं मी शफीला तोंडीबी सांगून धाडलंय: गावात दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नको, ही गोष्ट बाप्यांच्या कानावर घालायची नाही. शफी देईल तसं फडताळात ठेवून दे. गिरजीला शाळेत घाल. दोन वर्षांत तिला अक्षर लागेल, मग तीच वाचेल, अन् तिला सांग, काही गाळायचं नाही.

तोवर तिच्या हातावर कुणाला हळद ठेवू देऊ नको. अन् तिनं खोबरं मागितलं तर तसंच दे, काही विचारू नको.

सरू